ट्रॉम्बोनच्या सरकनळीला तेल नको

महोदय,

वऱ्हाडातल्या ज्या बँडपथकांत ट्रॉम्बोन (नळी मागेपुढे सरकवून स्वर बदलायचे पितळी फुंकवाद्य) आहे, तिथे सरकनळी अडखळली की खोबरेल तेल लावतात. तेलावर लग्नसराईची धूळ बसते आणि पितळ घासले जाते. नळी कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवावी. आतल्या नळ्यांच्या टोकाच्या जाड भागावर स्लाइड क्रीमचा (सरकनळीसाठीच्या खास मलमाचा) अगदी पातळ थर द्यावा, वर पाणी फवारावे. पोचा आल्यास घरी ठोकू नये, नळ्या समांतर राहत नाहीत.

नळी सरकवून थांबवायच्या सात जागा, खुणा एकही नाही! नळी बाहेर सरकवताना प्रत्येक पुढच्या जागेला सूर अर्ध्या स्वराने उतरतो, दोन जागांतले अंतर मात्र वाढत जाते. याच नळीवर अमेरिकन जॅझ वादक जे. जे. जॉन्सन (१९२४–२००१) बीबॉप ही जॅझची वेगवान शैली वाजवत. १९७० साली ते हॉलिवूडला चित्रपट-दूरचित्रवाणीचे संगीत लिहायला गेले. आपल्या पोरांनी त्यांना जरूर ऐकावे.

— एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)