फ्रेंचच्या वर्गात नाकालाही जागा हवी

संपादक महोदय,

अकरावी-बारावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून फ्रेंच घेणाऱ्या मुलांविषयीचा लेख तुमच्या पुरवणीत वाचला. हाच विषय शिकवून मी निवृत्त झाले. गुणांचं जाऊ द्या, माझी तक्रार निराळी आहे. आयफेल टॉवरची उंची या मुलांना तोंडपाठ असते, पण गॅसचा वास येतोय, एवढं फ्रेंचमध्ये सांगता येत नाही. ‘सा सां ल गाझ.’ चार शब्द! मी शिकवलेल्या पुस्तकांत रंग होते, कपडे होते, हवामानाला तर अख्खा धडा. वासाला मात्र ओळभरही जागा नव्हती.

वास्तविक व्याकरण शिकवायला याहून चांगला विषय नाही. ‘सांतिर’ हे एकच क्रियापद वास घेण्यालाही चालतं आणि वास येण्यालाही. त्यामुळे ‘ज सां ल प्वासों’ म्हणजे मला माशांचा वास येतोय, किंवा माझ्याच अंगाला येतोय! हे सांगितलं की मागचे बाकसुद्धा जागे व्हायचे. फ्रेंचमध्ये गुलाब स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला रोझ सां बों’, म्हणजे गुलाबाला छान वास येतो, हे लिहिताना हुशार मुलं हटकून ‘बों’चं स्त्रीलिंगी रूप ‘बॉन’ करायची. इथे ते रूप बदलत नाही. मी हिंगाची डबी, कॉफीची पूड आणि नीट न वाळलेला पंचा घेऊन वर्गात जायची. बुरशीचा तो वास ‘म्वाझी’, बंद खोलीचा कोंदट वास ‘रांफेर्मे’. एका पालकांना हा पोरखेळ वाटला. वाटू दे.

फ्रान्समध्ये हे रोजचं बोलणं आहे. एखादा माणूस डोळ्यांपुढे नको असेल, तर त्याचा वासही सोसत नाही म्हणतात. कुणी शेवटच्या घटका मोजत असेल, तर ‘सापां’ या सूचिपर्णी झाडाचा वास येतोय म्हणतात, कारण पूर्वी शवपेट्या बहुधा त्या लाकडाच्या असत. अत्तर घडवणारा तर नुसता ‘ने’, म्हणजे नाक! मे महिन्यात गुलाब आणि आपल्याकडे पावसाळा सरत असताना जाई खुडणाऱ्या, दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास परिसरातलं अत्तराचं कसब युनेस्कोने 2018 मध्ये वारसा यादीत घेतलं. निशिगंधही तिथे पिकतो, हे ऐकून आमची मुलं चकित व्हायची.

माझी मागणी छोटी आहे. तोंडी परीक्षेत चित्राऐवजी एखादी झाकलेली वाटी ठेवून पाहा. वेलची, फार तर कॉफी. हिंग नको, पुढच्या मुलाला चुकीचं उत्तर सुचेल.

– एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका, पुणे