सावंतवाडीचे टर्मिनस पूर्ण करा : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या स्थानकाचे नाव ‘सावंतवाडी रोड’ असे आहे. ते मळगावात असल्यामुळे गाडीतून उतरल्यावर शहर गाठायला पुन्हा रिक्षा किंवा एसटी पाहावी लागते. त्याबद्दल आमची तक्रार नाही, कारण सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधून हा मार्ग नेणे किती कठीण होते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. हे पत्र आहे ते 2015 च्या जून महिन्यात भूमिपूजन होऊनही आजवर अपुऱ्या राहिलेल्या टर्मिनसविषयी.

कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकर आयुष्यभर झटले, बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत हा प्रश्न लावून धरला आणि त्यांच्यानंतर 1971 पासून 1991 पर्यंत राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या प्रा. मधु दंडवते यांनी तो तडीस नेला. ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, 1990 मध्ये, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला हा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी पूर्णपणे खुला झाला. त्यासाठी सुमारे 42 हजार जमीनधारकांच्या जमिनी गेल्या. त्यांत पिढ्यान्पिढ्या जपलेल्या आंब्या-काजूच्या बागा होत्या, भाताचे कुणगे होते. गाडी आपल्या दारात थांबेल, या विश्वासाने लोकांनी त्या दिल्या.

आज या मार्गावरून गाड्या पुष्कळ धावतात, परंतु त्यांतील बहुतेक गोव्याच्या, कर्नाटकाच्या किंवा केरळच्या असतात आणि त्या सावंतवाडीला येतात तेव्हा आधीच भरलेल्या असतात. 2023 मध्ये सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारत तर कणकवलीनंतर थेट गोव्यात थिवीला थांबते. आमच्या येथून सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेस आणि ठाण्याजवळच्या दिव्याला जाणारी पॅसेंजर यांच्यावर मग सगळा भार येतो. गणपतीनंतर मुंबईला परतताना पॅसेंजरच्या दारापाशी, मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या बायका मी दरवर्षी पाहतो, आणि कोकणात रेल्वे यावी म्हणून ज्यांच्या घरात सभा होत असत त्यांचीच ही मुले-नातवंडे आहेत, याचे फार वाईट वाटते.

येथून आणखी गाड्या सोडायच्या, तर केवळ फलाट आणि इमारत पुरेशी नसते. डबे उभे करून ठेवण्यासाठी जादा मार्गिका लागतात, डब्यांखालून तपासणी करता यावी अशी पिट लाइन लागते, गाडीत पाणी भरण्याची आणि स्वच्छतेची व्यवस्था लागते. भूमिपूजनानंतर काही काम झाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या सोयींमुळे एखाद्या स्थानकाला टर्मिनस म्हणता येते, त्यांची वाट आम्ही अजून पाहत आहोत.

निधीची अडचण आजवर वारंवार सांगितली गेली. महामंडळ स्वतंत्र कंपनी असल्याने तिला विस्तारासाठी स्वतःच पैसा उभारावा लागतो, हे त्यामागचे कारण खरेही होते. रोहा ते वीर एवढाच भाग 2021 मध्ये दुहेरी झाला आणि पुढे मोठ्या अंतरावर मार्ग एकेरीच राहिला, याचेही मूळ बऱ्याच अंशी तिथेच आहे. परंतु 2025 मध्ये, महामंडळात भागीदार असलेल्या महाराष्ट्र शासनानेही त्याच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली आहे. त्यामुळे हा विषय आता थेट आपल्या मंत्रालयाच्या हाती येत आहे.

म्हणून विनंती अशी, की विलीनीकरणाची प्रक्रिया पूर्ण होण्याची वाट न पाहता टर्मिनसच्या उरलेल्या कामाला निधी मंजूर करावा आणि ते संपवण्याची तारीख जाहीर करावी. दरम्यान वंदे भारतला सावंतवाडीत थांबा द्यावा. आणि ज्यांनी रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या, त्या प्रा. मधु दंडवते यांचे नाव या टर्मिनसला द्यावे, ही येथील लोकांची जुनी मागणीही त्याच वेळी मान्य व्हावी.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
सावंतवाडीचा एक रहिवासी