रिकाम्या कॅनची कुंडी नको, अवजार करा

संपादक महोदय,

तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये रोपे लावा, असा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. मुंबईतल्या खिडक्यांसाठी तो आम्हाला धोक्याचा वाटतो. जाळीवर बारा महिने ऊन खाल्लेले प्लास्टिक ठिसूळ होते, उचलताना काठ हातात येतो आणि ओली माती खालच्या मजल्यावर पडते. त्याच कॅनचे अवजार करून सावलीत ठेवले, तर ते कितीतरी जास्त टिकते.

कॅन निवडताना तळावरचा, प्लास्टिकचा प्रकार सांगणारा त्रिकोण पाहावा. आत २ हा आकडा असलेले दुधी, किंचित लवचिक प्लास्टिक उत्तम. १ आकड्याच्या पाण्याच्या बाटल्या कापताना चिरतात. तेलाची कॅन गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवावी, नाहीतर मुंग्या आणि झुरळे येतात. कीटकनाशक किंवा ॲसिडची कॅन मात्र अजिबात घेऊ नये.

माती भरायला सुपासारखे खोलगट अवजार हवे असेल, तर मूठ असलेली १ ते २ लिटरची कॅन घ्यावी. झाकण घट्ट लावून, मुठीच्या खाली चार बोटांवरून समोरच्या बाजूच्या तळापर्यंत तिरकी रेघ मारावी आणि तिच्यावरून कापावे. मुठीकडची बाजू आखूड, समोरची लांब राहते. हीच लांब जीभ मातीत शिरते. कडा पॉलिश पेपरने घासावी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत यांना हे पुरते. घट्ट बसलेल्या मातीला खुरपेच लागते.

खरी उपयोगी वस्तू म्हणजे झारी. ५ लिटरची कॅन भरल्यावर मनगटाला जड जाते, म्हणून २ लिटरची बरी. झाकणाला तापवलेल्या सुईने सुमारे दीड मिलिमीटरची १२ ते १५ छिद्रे पाडावीत. धूर होतो, खिडकी उघडी ठेवावी. छिद्राभोवतीचा कंगोरा ब्लेडने तासावा, नाहीतर धारा वाकड्या जातात. बहुतेकांचे चुकते ते पुढे: मुठीच्या वरच्या वळणावर हवेसाठी एक मोठे छिद्र लागतेच. ते नसेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या जागी हवा शिरत नाही, पाणी गचके देत येते आणि मेथी-कोथिंबिरीचे बी उघडे पडते. कॅन पाऊणच भरावी, म्हणजे तिरकी केल्यावर हे छिद्र पाण्याच्या वर राहते.

श्रीखंडाच्या डब्याच्या पट्ट्या कापून रोपांच्या नावपट्ट्या होतात. पट्टी पॉलिश पेपरने खरखरीत करून पेन्सिलीने लिहावे. मार्करची शाई उन्हात उडते.

एक पथ्य कडक पाळायला हवे. काम झाले की झारी रिकामी करून, झाकण काढून पालथी ठेवावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी तर कोरड्या काठाला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून आठवड्यातून एकदा आतला भाग घासावा. कापून उरलेले तळ 'लागेल कधीतरी' म्हणून गच्चीत टाकू नयेत. ते त्याच दिवशी सुक्या कचऱ्यात द्यावेत.

महापालिका भायखळ्याच्या राणीच्या बागेत दरवर्षी उद्यानविद्या प्रदर्शन भरवते. तिथे या अवजारांचे एक टेबल मांडून कापण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे, अशी आपल्या पत्रातून उद्यान विभागाला विनंती आहे.

– गच्चीवर बाग करणारे काही वाचक, मुलुंड