वस्तीची गाडी

राहुरी,
आगमनकाळाचा पहिला रविवार

चि. माईस,
जय ख्रिस्त आणि पप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. व्हॉट्सॲपवर एवढं लिहायचं तर माझी बोटं चालत नाहीत, आणि बोलून पाठवायला लागलो की तुझी मम्मी मागून दुरुस्त्या सांगते. म्हणून जुन्या वहीची मधली पानं काढली आणि बसलो.

परवा रात्री तू वॉर्डमधून फोन केलास. तुझ्या कंत्राटी नोकरीची ऑर्डर संपायला महिना राहिलाय, पुढची अकरा महिन्यांची मिळेल की नाही कोणी सांगत नाही, आणि जर्मन भाषेची बी-टूची परीक्षा तेवढ्यातच आलीय. मी सवयीने म्हणालो, "देवावर भरवसा ठेव, बाळा." तर तू म्हणालीस, "पप्पा, देवाचं काय जातंय? त्याला कुठे ऑर्डर रिन्यू होण्याची वाट बघायची असते?" तेवढ्यात कोणत्या तरी पेशंटची बेल वाजली आणि तू फोन ठेवलास.

मला राग नाही आला, खरंच. उलट वाटलं की पोरीने बरोबर जागी बोट ठेवलं. देव वर बसून आपली फजिती बघत असता तर तुझं म्हणणं खरंच होतं. भरवसा ठेव म्हणणं सोपं असतं, विशेषतः पेन्शनवर बसलेल्या माणसाला.

तुला मी वस्तीच्या गाडीच्या गोष्टी सांगितल्यात, पण एक सांगायची राहिलीय. तू तेव्हा लहान होतीस. अकोले तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, तिथे माझी आठवड्यातून दोनतीनदा ड्यूटी लागायची. संध्याकाळी साडेसातला गाडी पोचायची, शाळेसमोर लावायची, मी आणि कंडक्टर रात्री गाडीतच झोपायचो. कोणी पिठलं-भाकरी आणून द्यायचं. पहाटे सहाला दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, हे सगळं भरून परत.

तिथे एक आजी रोज अंधार पडला की कंदील घेऊन यायची. गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून विचारायची, "आली का रं गाडी?" गाडी तिच्यासमोर उभी असायची, तरी विचारायची. मी म्हणायचो, "आली, आजी." मग ती घरी जायची. ती कधी गाडीत बसली नाही. मी एकदा विचारलं की आजी, तुला कुठे जायचं असतं? तर म्हणाली, कुठंच नाही. म्हाताऱ्याला दमा आहे. गाडी वस्तीला असली म्हंजे झोप लागते.

रात्री काही झालं तर गाडी आहे, एवढंच. पावसाळ्यात ओढा चढला आणि गाडी अलीकडेच अडकली, तर त्या रात्री आजी झोपत नसे, असं लोक सांगायचे.

एका थंडीत तिचा म्हातारा गेला. गाडी तिथेच उभी होती. मला उठवायला पोरगं आलं, मी धावत गेलो, पण तोवर सगळं संपलं होतं. गाडीचा काही उपयोग झाला नाही. पहाटेपर्यंत मी आणि कंडक्टर त्या ओट्यावर बसून राहिलो, आणि सहाच्या फेरीला तिच्या दोन्ही लेकींकडे निरोप घेऊन गेलो. निघताना आजी म्हणाली, "बरं झालं बाबा, गाडी वस्तीला होती."

मला तेव्हा ते कळलं नव्हतं. मी मनात म्हणालो, काय बरं झालं? वाचवू तर शकलो नाही.

माई, तुला योहानाच्या शुभवर्तमानातलं ते वाक्य पाठ आहे. संडे स्कूलमध्ये तूच म्हटलं होतंस, पांढरा फ्रॉक घालून, आणि मध्येच विसरली होतीस. "शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली." मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तंबू ठोकून राहणं असा आहे, हे आपल्या जुन्या पाळकांनी मंडळीत सांगितलं होतं. पण ज्याने मराठीत 'वस्ती' हा शब्द घातला त्याचे माझ्यासारख्या ड्रायव्हरवर उपकार आहेत. पाळक पुढे बरंच बोलले, माझं लक्ष मात्र तिथेच थांबलं. देव वस्तीला आला. फेरी मारून, हात हलवून परत गेला नाही. अंधारात आपल्या गावात मुक्कामाला राहिला.

आता तू विचारलंस तिकडे येतो. त्याला ऑर्डरची वाट बघावी लागली का?

लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो की रोमच्या औगुस्त कैसराने नावनिशी लिहायचं फर्मान काढलं. म्हणजे सरकारी कागद. त्या कागदापायी योसेफाला गरोदर मरीयेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला जावं लागलं. मी नकाशावर अंतर बघितलं, सव्वाशे-दीडशे किलोमीटर होतं. आपल्या नगरहून पुण्याला जेवढं, तेवढं किंवा थोडं जास्तच, आणि तेही बिनगाडीचं. दिवस भरलेली बाई. तू नर्स आहेस, तुला मी काय सांगू.

तिथे 'उतारशाळेत जागा नव्हती'. आपण नाताळच्या नाटकात त्या उतारशाळेच्या मालकाला किती शिव्या खायला लावतो! तुझ्या चुलत्याने तीन वर्षं ती भूमिका केली. पण शुभवर्तमानात असा मालक कुठे नाहीच. पाळक म्हणायचे की तिथला ग्रीक शब्द पाहुण्याच्या खोलीलाही चालतो. प्रभूने शेवटचं भोजन केलं त्या खोलीसाठी लूकने तोच शब्द वापरलाय, आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातल्या धर्मशाळेसाठी वेगळाच. मला हे पटतं. योसेफाचं मूळ गाव ते, नात्याची माणसं असणारच. घर पाहुण्यांनी भरलेलं असणार, लग्नघरासारखं. आपल्या आजीच्या माळवदाच्या घरात आत शिरलं की एका अंगाला जनावरं, आणि दोन हात उंचावर आपण. तिकडची साधी घरंही अशीच असायची म्हणतात. मग बाळाला ठेवायला गव्हाणच उरली. कोणी हाकललं असेल असं मला वाटत नाही. जागाच नव्हती. हाकललेल्याला निदान चिडता तरी येतं. सगळे चांगले आहेत, आणि तरी आपल्याला जागा नाही, हे जास्त बोचतं. तुझ्या सिस्टर इन्चार्ज चांगल्या आहेत असं तूच सांगतेस, पण जागा त्यांच्या हातात नाहीत.

बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, इब्री भाषेत. आणि बाळाला ठेवलं जनावरांच्या खाण्याच्या जागी. बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. माझी आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची. आम्हाला सुकडी मिळायची, आणि घरी त्या लाल मिलोची भाकरी, थापताना तुटायची. आई रात्री प्रभूची प्रार्थना म्हणायची, "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे", आणि 'आज'वर जरा थांबायची. मी एकदा विचारलं, उद्याची पण माग ना. ती म्हणाली, उद्याची उद्या मागू, नाहीतर उद्या त्याच्याशी बोलायचं काय? माझी आई विनोदी होती. तुझ्यात ते उतरलंय, या दिवसांत जरा लपलंय एवढंच.

योसेफालाही देवाने पूर्ण रूट कधी दिला नाही, हे बघितलंस का? स्वप्नात पुढचा एकच थांबा. "ऊठ, बालक व त्याची आई यांना घेऊन मिसर देशात पळून जा, व मी तुला सांगेन तोपर्यंत तेथेच राहा." किती दिवस ते नाही, खर्चाचं नाही, तिथली भाषा कशी जमायची तेही नाही. (तुझं जर्मन आठवलं.) बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजा मेल्यावर परत निघाले तर यहूदीयात त्याचा मुलगा अर्खेलाव गादीवर बसलेला. योसेफ तिथे जायला भ्याला, असं मत्तयने सरळ लिहिलंय. मग गालीलात, नासरेथला. देवाचा पुत्र ज्याच्या हवाली होता तो माणूस भ्याला आणि वाट बदलली. शास्त्रात त्याला त्यासाठी कोणी बोल लावलेला नाही. तेव्हा तू घाबरलीस म्हणून तुझा विश्वास कमी, असं तुला कोणी मंडळीत म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

त्याच पानावर हेरोदाने मारलेली बेथलेहेममधली ती बाकीची मुलं आहेत. त्यांच्या घरी कोणाला स्वप्न पडलं नाही. ते का, मला माहीत नाही. चाळीस वर्षं वाचतोय, नाही कळलं. मत्तयही समजावत बसत नाही, मुलांसाठी राहेल या पूर्वज आईचं रडणं तेवढं लिहून ठेवतो. तुझ्या वॉर्डात रात्री जे बघतेस त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे तयार उत्तर असेल त्याच्यापासून जरा लांब राहा.

पुढची वर्षं तर कोणी लिहिलीही नाहीत. लूक म्हणतो, काम सुरू केलं तेव्हा प्रभू सुमारे तीस वर्षांचा होता. बारा वर्षांचा असताना मंदिरात हरवला तेवढं सोडलं तर मधलं सगळं नासरेथमध्ये गेलं. मार्क त्याला सुतार म्हणतो. मंदिरातल्या त्या प्रसंगानंतर योसेफ स्वतः गोष्टीत दिसत नाही, बहुतेक लवकर गेला असावा. म्हणजे घरात आई, भावंडं, आणि थोरला हा. गिऱ्हाईक पैसे कधी देईल, पुढचं काम कुठून येईल, हे त्याने नुसतं वरून बघितलेलं नाही. त्याचे हात त्यात होते. आयुष्याचा मोठा भाग देवाने असा काढला, ज्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

आणि मला ज्याने सगळ्यात जास्त धीर दिलाय ते मार्कच्या तेराव्या अध्यायात आहे. शेवटच्या दिवसाबद्दल बोलताना प्रभू म्हणतो, पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, "स्वर्गातील देवदूतांनाही नाही, पुत्रालाही नाही." पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मी दचकलो होतो. पुत्रालाही ठाऊक नाही? मोठमोठ्या पंडितांनी यावर डोकं चालवलंय, ते असो. मला एवढं समजतं की देह घेतला तेव्हा देवाने नुसती भूक आणि थकवा घेतला नाही. उद्याचं माहीत नसणंही घेतलं. गेथशेमाने बागेत "हा प्याला माझ्यावरून टळून जावो" म्हणताना तो घाम गाळत होता. टळला नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की हो, त्याला वाट बघावी लागली. ऑर्डर रिन्यू होईल असं मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, बघ. मला ते माहीत नाही, आणि नाताळ तसं सांगतही नाही. पण जिथे तू उभी आहेस ती जागा रिकामी नाही.

आपल्या जिल्ह्यात रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत बसवला, टाळ-मृदंगाच्या भजनात आणला. त्यामुळे लहानपणी माझी पक्की समजूत होती की येशू मराठीच बोलायचा. अजूनही ती पूर्ण गेलेली नाही. शेजारचे काका विचारतात, तुमचाही अवतारच ना? मी हो-नाही करतो. शब्दावर भांडण कशाला. पण मनात म्हणतो, आमचा आला तो देह टाकून गेला नाही. पुन्हा उठला तेव्हा हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. वस्तीच्या गाडीची उपमा इथे कमी पडते, ती पहाटे सहाला निघायचीच.

ती आजी म्हातारा गेल्यावरही यायची. मला वाटलं होतं आता थांबेल. पुढच्या खेपेला गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि बघतो तर कंदील येतोय. "आली का रं गाडी?" माझी तिथली ड्यूटी बदलेपर्यंत ती येत राहिली.

बरं, कामाचं. मम्मीने करंज्या आणि शंकरपाळी आत्ताच करायला घेतल्यात, नाताळला अजून इतके दिवस असून. चांदणीची वायर उंदराने खाल्ली, ती मी बदलतोय. परीक्षेची फी भरायची शेवटची तारीख कळव, अर्धी माझ्याकडून, नाही म्हणू नकोस. २४ तारखेला तुझी नाइट आहे म्हणालीस, म्हणजे तुला इकडे येता येणार नाही. तर आम्ही दोघंच दुपारच्या गाडीने तुझ्याकडे वस्तीला येतोय. खोली लहान आहे ते माहीत आहे, मी खाली चटईवर झोपेन. किल्ली तेवढी शेजारच्यांकडे ठेव.

तुझे,
पप्पा