थेंब की धार, हे आधी विचारणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या नोंदवहीत मी 'ढब्बूचे बाबा' आहे, तेव्हा नाव सांगण्यात अर्थ नाही. ढब्बू म्हणजे तोच पांढरा-केशरी बोका. नसबंदी झालेला, अंगानं सुटलेला, कधी उंबरठा न ओलांडलेला. त्यानं शूचा डबा सोडून सोफा, पायपुसणं आणि इस्त्रीला काढलेले कपडे धरले होते. आता तो डब्यात जातो. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत, आणि तेही चारचौघांत. तुम्ही जे केलंत त्याचं बिल मी भरलं, पण जे केलं नाहीत त्याची पावती कुणी फाडली नाही. ती या पत्रानं फाडतोय.

पहिले आभार फोनवरच्या त्या प्रश्नाचे. "बोका घरभर मुततोय," एवढं मी म्हणतोय तोच तुम्ही मध्येच विचारलंत, "थेंब येतोय की धार?" फोन चालू ठेवून बघून यायला लावलंत. सोफ्यावरचा ओला डाग चांगला पसरलेला होता, म्हणजे लघवी उतरत होती. हे कळल्यावरच तुम्ही सकाळची वेळ दिलीत. आधी हेच विचारायची एवढी घाई कशाला, हे नंतर समजलं. बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीच्या मानानं लांब, आणि टोकाकडे फारच अरुंद. तिथे स्फटिक आणि चिकट स्राव यांचं बूच बसलं किंवा स्नायू आखडले, की लघवी तुंबते. मूत्राशय टणक होतो, रक्तात पोटॅशियम चढतं, हृदयाची लय बिघडते, आणि दोन-तीन दिवसांत, कधी त्याच्याही आत, बोका जातो. बाहेरून दिसतं ते इतकंच, की तो डब्यात पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, कण्हतोय आणि डबा कोरडा आहे. पुष्कळांना ती बद्धकोष्ठता वाटते. ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी या पत्रातलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवावं: कुंथतोय आणि काही उतरत नाही, तर मध्यरात्रीसुद्धा दवाखाना गाठायचा.

आमच्याकडे तोवर मतांचा सुकाळ झाला होता. आत्याच्या मते ढब्बू सूड उगवत होता, कारण आम्ही नवी मांजर आणली. शेजारच्या काकांच्या मते नाक एकदा त्या डागात घासलं की जन्माचा धडा मिळतो. तुम्ही कुणाला हसला नाहीत, की मला व्याख्यान दिलं नाहीत. एवढंच म्हणालात, "सूड घ्यायला बेत आखावा लागतो. याला सध्या नुसतं दुखतंय." मग समजावून सांगितलंत की लघवी करताना दुखलं की मांजर त्या दुखण्याचा संबंध जागेशी जोडतं. डबा म्हणजे दुखणं, असं त्याच्या डोक्यात बसतं आणि ते दुसरी जागा शोधू लागतं, बहुधा मऊ, शोषून घेणारी. इस्त्रीच्या कपड्यांचं कोडं तिथेच सुटलं. नाक घासण्याच्या उपायाचं काय होणार, हे मला वेगळं विचारावं लागलं नाही. आधीच दुखऱ्या प्राण्याला घाबरवून कोणता धडा मिळणार?

तुम्ही व्हिडिओही मागितलात. तेव्हा चमत्कारिक वाटलं, मोबाइल घेऊन बोक्याच्या मागे कसं फिरायचं! पण त्याचंही कारण होतं. उभं राहून, शेपटी ताठ थरथरवत, भिंतीवर किंवा दारावर मागच्या मागे फवारा मारणं ही हद्दीची खूण. खाली बसून आडव्या जागेवर केलेली ती लघवी. दोन्हींचा वास तोच, डोकेदुखी तीच, पण कारणं निराळी आणि इलाजही निराळे. फवारा मारणारा बोका नसबंदीनंतर साधारण दहातल्या नऊ वेळा ते सोडून देतो किंवा फार कमी करतो. ढब्बूचा प्रकार दुसरा निघाला.

आता न दिलेल्या औषधाबद्दल. लघवीचा नमुना तुम्ही सुईनं थेट मूत्राशयातून घेतलात, सोनोग्राफी केलीत. खडे नव्हते. लघवीत रक्ताचा अंश होता, जंतू नव्हते. मला वाटलं, तरीही चिठ्ठीवर अँटिबायोटिक असेलच. नव्हतं. फक्त वेदनाशामक होतं, आणि वर ताकीद, की माणसांचं पॅरासिटामॉल चुकूनही द्यायचं नाही, मांजराला त्याची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. तुम्ही सांगितलंत की दहा वर्षांखालच्या मांजरांत मूत्राशयाला जंतुसंसर्ग क्वचितच होतो. म्हाताऱ्या मांजरांत तो जास्त दिसतो, शिवाय तिथे मूत्रपिंडं, मधुमेह, थायरॉइड हे सगळं तपासावं लागतं, आणि सांधे दुखत असतील तर उंच काठाच्या डब्यात पाय टाकणंही जिवावर येतं. तरुण मांजरांत मात्र अशा तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त प्रकरणांत मूत्राशयाला सूज असते आणि नेमकं कारण हाती लागत नाही.

आणि ही सूज बहुधा आठवडाभरात आपोआप उतरते! म्हणजे तुम्ही अँटिबायोटिक दिलं असतंत, तर ढब्बू त्याच आठवड्यात बरा झाला असता, श्रेय गोळ्यांना गेलं असतं आणि पुढच्या वेळी मीच येऊन त्याच गोळ्या मागितल्या असत्या. तुमचा हात देता होण्याऐवजी आखडता राहिला, याचं मोल मला हे कळल्यावर समजलं. समोर पैसे मोजायला तयार असलेला, काळजीनं कावलेला माणूस बसलेला असताना औषध न लिहिणं सोपं नसणार.

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन यांच्या कामाबद्दलही तुमच्याकडूनच कळलं. कारण न सापडणाऱ्या या सुजेच्या आजाराला त्यांनी २०११ मध्ये 'पँडोरा सिंड्रोम' असं नाव सुचवलं, कारण दुखणं मूत्राशयात दिसलं तरी त्याची मुळं मांजराच्या ताण सोसण्याच्या यंत्रणेत असू शकतात. त्याच वर्षी त्यांच्या गटानं आणखी एक अभ्यास छापला. जवळजवळ दीड वर्ष मांजरांवर लक्ष ठेवल्यावर दिसलं की दिनक्रम विस्कटला, की आजारी मांजरंच काय, धडधाकट मांजरंही खाणं टाकतात, उलट्या करतात आणि डब्याबाहेर घाण करतात. मला तर हे वाचून हायसं वाटलं. म्हणजे ढब्बू वाईट नव्हता आणि वेडाही नव्हता.

पण खरी गंमत पुढेच झाली. तुम्ही मला कोरा कागद दिलात आणि घराचा नकाशा काढायला सांगितलात. डबे कुठे, पाणी कुठे, खाणं कुठे, कोण कुठे झोपतं. मी इमानेइतबारे काढला. दोन मांजरं, दोन डबे, दोन्ही शेजारी-शेजारी, पॅसेजच्या टोकाला, वॉशिंग मशिनजवळ. तुम्ही पेनानं पॅसेजच्या तोंडाशी एक फुली मारलीत आणि विचारलंत, "चिमणी कुठे बसते?"

चिमणी म्हणजे ती नवी मांजर. आणि ती बरोबर त्या फुलीवर बसते. टोलनाक्यावरच्या माणसासारखी, कुणाशी भांडत नाही, फिस्कारत नाही, नुसती बघते. आमच्या लेखी ते शांत सहजीवन होतं. तुमच्या लेखी ती नाकाबंदी होती. ढब्बू तिच्यापेक्षा दुप्पट वजनाचा, पण पॅसेजपर्यंत यायचा, तिला बघायचा आणि जांभई देऊन परत फिरायचा. ही जांभई आम्ही कौतुकानं बघायचो.

मांजरं जितकी, त्यापेक्षा डबा एक जास्त, हा हिशेब बऱ्याच जणांना ठाऊक असतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन यांनी २०१४ साली याच विषयावर मार्गदर्शिका काढली, तिच्यातही डब्यांची संख्या, जागा, आकार यांवर भर आहे. पण शेजारी ठेवलेले दोन डबे मांजराच्या हिशेबात एकच, हे आम्हाला नकाशामुळे समजलं. आता तीन डबे तीन ठिकाणी आहेत आणि प्रत्येकाला पळून जायला दोन वाटा. डबा मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा, असं तुम्ही म्हणालात; ढब्बूच्या मापाचा तयार डबा काही मिळेना, म्हणून कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा खोका घेतला आणि एका बाजूचा काठ खाली कापला. तुम्ही फोटो पाहून शाबासकी दिलीत, ती मी अजून लोकांना सांगत असतो.

लिटरही, म्हणजे डब्यातले शू शोषून घेणारे दाणेही, बदललं. सुगंधी होतं, तो सुगंध आमच्या नाकासाठी होता. आता बारीक, बिनवासाचं, गोळे होणारं वापरतो. बदलतानाही तुम्ही जुनं एकदम काढू दिलं नाहीत. दोन डब्यांत दोन प्रकार ठेवून ढब्बूलाच निवडू द्या म्हणालात. त्यानं काही मिनिटांत निकाल दिला. जाता जाता एक सांगतो, हे सगळं प्रकरणच तसं नवीन आहे. अमेरिकेत एड लोव यांनी मातीचे दाणे मांजरांसाठी विकायला सुरुवात केली ती १९४७ मध्ये. त्याआधी राख किंवा वाळू. मांजराला चोवीस तास घरात ठेवायची सोय झाली ती मुख्यतः अशा दाण्यांमुळे. आणि मांजर मात्र मुळात वाळवंटी रानमांजराच्या वंशातलं, कमी पाणी पिणारं, घट्ट लघवी करणारं. म्हणूनच तुम्ही कोरड्या खाण्याच्या जोडीला ओलं खाणं वाढवायला सांगितलंत आणि पाण्याची भांडी खाण्यापासून लांब, घरभर ठेवायला लावलीत. ढब्बू त्यातलं सगळ्यात गैरसोयीचं भांडं पसंत करतो, आमच्या पलंगाखालचं.

साफसफाईबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते मी किमान दहा जणांना ऐकवलंय. फिनेल नको, त्यातल्या फिनॉलसारख्या रसायनांचं विष मांजराच्या यकृताला नीट उतरवता येत नाही. अमोनियाचं क्लीनर नको, लघवीतून तोच वास येतो आणि मांजराला ते आमंत्रण वाटू शकतं. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याच्या विघटनातून गंधकयुक्त उग्र वास सुटतो, म्हणून साबणानं पुसल्यावर आपल्याला काही जाणवत नसलं तरी मांजराला ती जागा ओळखू येते. त्यासाठी एन्झाइमचं क्लीनर, आणि ते शिंपडून लगेच पुसायचं नाही, मुरू द्यायचं. डाग शोधायला अतिनील टॉर्च. रात्री दिवे बंद करून तो टॉर्च पहिल्यांदा फिरवला तेव्हा आम्ही दोघं बराच वेळ बोललोच नाही. सोफा मग दिलाच काढून.

शेवटचे आभार खरं बोलल्याबद्दल. "आता पुन्हा होणार नाही ना?" या प्रश्नावर तुम्ही सरळ म्हणालात, "होऊ शकतं. पुष्कळ मांजरांत परत होतं. पण अंतर वाढवता येतं." आणि झालंच. घराला रंग काढला तेव्हा ढब्बूनं पोट चाटून चाटून टक्कल पाडलं आणि पायपुसण्यावर पुन्हा शू केली. या वेळी गोंधळ झाला नाही. धार आहे हे आधी पाहिलं, तुम्हाला फोन केला, त्याला आतल्या खोलीत डबा, पाणी आणि त्याचं जुनं पांघरूण देऊन दार लावून घेतलं. चिमणीला रंगाऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं, त्यामुळे तीही खूश.

आत्या अजून म्हणते की त्याला रंग आवडला नव्हता. तिच्या म्हणण्यात तथ्य असेलही.

आपला,
ढब्बू आणि चिमणीचा बाबा

ता. क. तुमच्या सहायकांच्या अंगठ्याला ढब्बूनं जे केलं त्याबद्दल त्यांची माफी मागायची राहिली होती. पुढच्या तपासणीला त्याला त्यांनी सांगितल्याप्रमाणे वरून उघडणाऱ्या पेटीतच आणतो, टॉवेलसकट. आणि घरून नमुना आणायचा झाला तर तो फ्रिजमध्ये ठेवून आणणार नाही; थंडाव्यानं नसलेले स्फटिक तयार होतात, हे लक्षात आहे.