सूचना : नाणं हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका
सर्व सभासदांना नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्यातल्या दोघांनी ‘१८१८, ईस्ट इंडिया कंपनी, रामदरबार’ असलेलं नाणं फोटो पाहूनच घेतलं. असं नाणं कंपनीच्या टाकसाळीतून कधी निघालंच नाही. ते बाजारात खपवायला पाडलेलं टोकन आहे, कितीही काळवंडलेलं असो.

१९३९ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयाबाबत तर दुप्पट सावध राहा. तो खरोखर दुर्मिळ आहे, म्हणूनच १९३८ मधला ८ कोरून ९ केलेले रुपये फिरतात. शेवटचा आकडा भिंगाखाली पाहा. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं. पण आकडा कोरला तरी वजन फारसं बदलत नाही, तेव्हा नुसत्या काट्यावर विसंबू नका. कडेला जोड दिसला तर नाणं साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली समजा. लोहचुंबक खिशात असू द्या, चांदीचा रुपया त्याला चिकटत नाही.

विक्रेता ‘आत्ताच घ्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणाला, तर खुशाल त्या गिऱ्हाइकाला घेऊ द्या. (मीही एकदा याच वाक्यावर फसलोय, किंमत विचारू नका.)

शंका असलेलं नाणं रविवारच्या बैठकीत आणा. आणि हो, घासून चकचकीत करून आणू नका!

– चिटणीस