मोबाईलला कशाला दोष?

संपादक महोदय,

मोबाईलमुळे वाचनाची सवय गेली असं सांगणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, पण मला काही ते पटलं नाही. पुस्तक हाताशी असलं की सवय लागते. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन साहेब या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, खेड्यांत तर लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं जायची! लहानपणी आजोबांबरोबर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायचो, खरं आकर्षण येताना मिळणाऱ्या शेव-उसळीचं, तरी काखेत पुस्तक असायचंच. आता आमच्या सोसायटीपासून सगळ्यात जवळची लायब्ररी रिक्षाने अर्धा तास, मग नातू मोबाईल बघणार नाही तर काय करणार?

– एक वाचक, बडोदा